एकनाड, मंगळ आणि मे महिन्यातला हॉल : घरच्यांची श्रद्धा न मोडता खर्च कसा आवरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत आहेत, पण पत्रिकेत एकनाड (दोघांची नाडी एकच) निघाली, मुलाला मंगळ सांगितला. वडील म्हणतात शांती करू, पण लग्न मेमध्येच. आणि मेमध्ये हॉलचं भाडं दुप्पट.

वडिलांशी वाद घालू नका. त्यांच्याच पंचांगातून बोला. शास्त्रात जेवढी अडवणूक आहे असं वाटतं, तेवढी ती नाही. बरीचशी नंतर चिकटलेली आहे.

आधी गुण. एकूण 36 : वर्ण 1, वश्य 2, तारा 3, योनी 4, ग्रहमैत्री 5, गण 6, राशिकूट 7, नाडी 8. अठरा जुळले की चालतं, असा प्रघात आहे. हे आठही प्रकार फक्त चंद्राच्या नक्षत्रावर आणि राशीवर ठरतात. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे त्या दिवसात जन्मलेल्या बहुतेक सगळ्यांचे गुण सारखेच. नाड्या तीन, प्रत्येकीत नऊ नक्षत्रं. रोहिणी, मघा, श्रवण या तिन्ही अंत्य नाडीतल्या. त्यामुळे कुठलीही दोन स्थळं घ्या, तीनांत एकदा एकनाड निघणारच. ती निघाली तरी उरलेल्या 28 पैकी अठराच्या वर गुण मिळू शकतात.

यावर परिहारही आहेत, म्हणजे दोष रद्द धरायच्या सवलती. दोघांचं नक्षत्र एकच पण चरण (नक्षत्राचा चौथा भाग) वेगळा असेल, किंवा रास एकच पण नक्षत्र वेगळं असेल, तर दोष मानत नाहीत. म्हणून गुरुजींना 'दोष आहे का?' असं विचारू नका, 'परिहार लागतो का?' असं विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरं फार वेगळी येतात.

नाडी म्हणजे रक्तगट, ही अलीकडची कंडी आहे. तिला काही आधार नाही. एकनाडीची भीती मुळात संततीबद्दलची. ती खरोखर घालवायची असेल तर दोघांची थॅलेसेमिया आणि सिकल सेलची रक्ततपासणी करून घ्या.

मंगळ पत्रिकेतल्या लग्नापासून (जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून) 1, 4, 7, 8, 12 या स्थानांत असला की मंगळाची पत्रिका. बारांपैकी पाच स्थानं, म्हणजे शंभरातल्या चाळीसेक पत्रिका इथेच अडकल्या. काही जण चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. तसं मोजलं तर शंभरातल्या ऐंशीच्या आसपास पत्रिकांना मंगळ लागतो, मग त्या दोषाला अर्थ काय उरला? मंगळ मेष, वृश्चिक किंवा मकर राशीत असेल, किंवा दोघांनाही मंगळ असेल, तर सहसा परिहार धरतात.

सगळ्यात जास्त चुकते ती जन्मवेळ. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. जन्म ही रास बदलण्याच्या वेळेजवळ असेल तर दहा मिनिटांच्या फरकानं चौथ्यातला मंगळ तिसऱ्यात जातो आणि दोषच उरत नाही. जन्मदाखल्यावर वेळ नसते, ती बाळंतपणाच्या रुग्णालयाच्या कागदावर मिळते. 'आजी म्हणायची, दिवेलागणीला झाला' यावर पत्रिका मांडली असेल तर आधी तो कागद शोधा. पत्रिका कोणत्या पंचांगावरून केली तेही बघा. टिळक पंचांगाचं अयनांश (राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा याचं माप) इतरांपेक्षा सुमारे चार अंशांनी वेगळं आहे आणि नक्षत्र असतं 13 अंश 20 कलांचं. तेव्हा नक्षत्रच बदलू शकतं. दोघांच्या पत्रिका एकाच पंचांगावरून करून घ्या. शांतीचा खर्च हे सगळं झाल्यावर, तेही राहिलंच तर.

आता मे महिना. त्याचं महत्त्व शाळेच्या सुट्ट्यांमुळे, शास्त्रामुळे नव्हे. 2024 मध्ये मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त होता, त्यामुळे ऐन सीझनमध्ये मुख्य मुहूर्त फारसे नव्हतेच. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. त्यातले आडवारचे बघा, मंगळवार-बुधवारचेही छापलेले असतात. गोरज मुहूर्त आहे, गौण काळातले (मुख्य मुहूर्त नसताना पंचांगात दिलेले) आहेत, आणि गुरुजी काढीव मुहूर्तही, म्हणजे खास तुमच्यासाठी, काढून देतात.

मुहूर्ताची वेळ सांभाळायची असते फक्त अंतरपाट दूर होतो त्या क्षणाची. रिसेप्शनला मुहूर्त लागत नाही. खरी बचत इथेच आहे : विधी मुहूर्तावर देवळात किंवा घरी, चाळीस माणसांत, जेवणावळ दुसऱ्या कुठल्याही दिवशी, हॉल स्वस्त असेल तेव्हा. हॉलवाल्याला चार गोष्टी आधी विचारा : अर्धा दिवस देता का, बाहेरचा केटरर चालतो का, वीज-सफाई वेगळी का, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत. बिल फुगतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरामुळे.

सोन्याचं थोडक्यात. अक्षय्य तृतीयेला मूळ सांगितलंय ते दान, उदककुंभाचं. खरेदीच करायची तर वेढणी (सोन्याची साधी वळी) घ्या, कारण दागिन्याची घडणावळ मोडताना परत येत नाही. मंगळसूत्राला दोन वाट्या आणि काळे मणी पुरतात. हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बघा, तो 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचा आहे.

'मुलीला हौसेनं देतोय' असं मुलीचे वडील म्हणाले तर त्याची यादी करा : वस्तू, अंदाजे किंमत, कोणी दिली, त्याचं नातं, खाली वधू-वरांच्या सह्या. हुंडाबंदी कायद्याखालच्या 1985 च्या नियमांत हे आहे. मागून घेतलेला मात्र हुंडाच, यादीत लिहिला तरी.

कायद्याला ना गुण लागतात ना मुहूर्त. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात, सप्तपदी हा विधी असेल तिथे, सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. म्हणून सप्तपदी घाईत उरकू देऊ नका, सातही पावलांचे फोटो काढून ठेवा. महाराष्ट्रात विवाहनोंदणीच्या अर्जावर पुरोहिताची आणि तीन साक्षीदारांची सही लागते, मुदत 90 दिवस. गुरुजींची सही त्याच दिवशी, दक्षिणा देतानाच घ्या. मागाहून ते पुढच्या लग्नांत असतात आणि फोन लागत नाही.