ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात सीट कशी मागायची? नोकरी नवी आहे, संकोच वाटतो.

बसलेल्या बाईंना हळू आवाजात आधी 'कुठे उतरणार?' आणि मग 'कोणाला सांगितलंय का?', म्हणजे ही सीट आधीच कोणाला देऊ केलीय का, असं विचारा. दुसरा प्रश्न राहिला की भांडण ठरलेलं, कारण एकाच सीटवर दोघी हक्क सांगतात. रोजच्या बायका हीच रीत पाळतात. वाशीला जायचं असेल तर ऐरोली, रबाळे, घणसोलीला उतरणाऱ्यांना गाठा. तुर्भे वाशीच्या अगदी जवळ, तुर्भेवालीची सीट मिळून उपयोग काय! होकार मिळाला की त्यांच्या गुडघ्यांना न खेटता थोडं बाजूला उभं राहा, सॅक पुढे घ्या. त्या उठल्या की आधी त्यांना बाहेर पडू द्या. घाईत ओढणी नाहीतर पर्सचा पट्टा अडकतो. तिघींच्या बाकावर चौथी सीट हवी असेल तर 'ताई, जरा सरकता का?' म्हणा, नुसतं टेकू नका. मात्र गरोदर बाई, आजी किंवा कडेवर मूल असलेली आई समोर आली की नंबर तुमचा असला तरी सीट तिची. ती मागेपर्यंत थांबू नका.