तुर्कस्तानचा फ्रीस्टाईल मल्ल ताहा अकग्युल याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द कशी होती?

सिवास शहराचा हा पैलवान 125 किलो गटातला. 2014, 2015 आणि 2022 असा तीनदा जगज्जेता, युरोपीय अजिंक्यपदं तर तब्बल 11. 2016 ला रिओत इराणच्या कोमेल घासेमीला हरवून ऑलिंपिक सुवर्ण घेतलं.

मला मात्र त्याचा पुढचा काळ जास्त भावतो. 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेच्या गेबल स्टीव्हसनने त्याला एकही गुण घेऊ दिला नाही, आणि पदकही हुकलं. तिशी उलटलेला जड गटातला मल्ल इथेच थांबतो. हा थांबला नाही! पुढच्याच वर्षी बेलग्रेडच्या फायनलला मंगोलियाच्या ल्खागवागेरेल मुन्खतुरला हरवून पुन्हा जगज्जेता झाला. 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं आणि बूट काढून गादीवरच ठेवले, म्हणजे निवृत्ती घेतली.