नहाणी फोडली, २२ हजार गेले, पाणी मात्र ठिबकतंयच

प्रश्न: ताई नमस्कार. मी नाशिकला असतो, पुण्यात सिंहगड रोडला माझा वन बीएचके आहे तो भाड्याने दिलाय, बिल्डिंग वीसेक वर्षं जुनी. पावसाळा संपता संपता खालच्या फ्लॅटच्या काकांचा फोन आला की तुमच्या बाथरूमखाली आमच्या छताला ओल आलीये, पोपडे पडतायत आणि आता तर टपटप चालू झालंय. वॉचमनने एक प्लंबर दिला. तो आला, बघितलं न बघितलं आणि म्हणाला, साहेब नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा सांडपाण्याचा भाग) गेलाय, फोडावं लागेल. मटेरियलसकट २२ हजार सांगितले, त्यातले १८ आधीच घेतले. टाइल्स काढल्या, नवीन ट्रॅप बसवला, टाइल्स परत लावल्या त्या पण वेगळ्याच रंगाच्या, आणि वर म्हणतो आता पाच वर्षं बघायला नको. ठिबकणं काही थांबलं नाही. दिवाळीत भाडेकरू आठवडाभर गावाला होते, घराला कुलूप, तरी काकांकडे चालूच! प्लंबर आधी फोन उचलेना, मग एकदा येऊन व्हाइट सिमेंट फासून गेला, म्हणे वरच्या मजल्याचं पाणी असेल. आता सेक्रेटरींचं पत्र आलंय, काका प्लास्टर आणि कलरचे पैसे मागतायत, भाडेकरू म्हणतो भाडं कमी देतो. माझे पैसे परत मिळतील का?
– वैतागलेला घरमालक, नाशिक

उत्तर: दादा, पैशाचं सांगते पण आधी तुमच्याच पत्रातली एक ओळ परत वाचा, घराला कुलूप होतं आणि ठिबकत होतं. नहाणीत पाणी कधी जातं, तर कोणी आंघोळ केली, कपडे धुतले, बादली ओतली की. आठवडाभर घरात कोणीच नाही तर नहाणीतून येणार काय? स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी दोन-चार दिवस झिरपत राहतं हे खरं, पण ते हळूहळू कमी होत जातं. तुमच्याकडे तसं झालेलं दिसत नाही. म्हणजे संशय जातो तो भिंतीतल्या पाइपवर, कारण टाकीचं पाणी लाइनमध्ये सतत उभं असतं, कोणी नळ उघडो न उघडो. नाहीतर मग डक्टमधून (पाइप जातात ती उभी मोकळी जागा) खाली येणारी सोसायटीची कॉमन लाइन. ट्रॅप चांगला होता की खराब हे आता कळायला मार्ग नाही, पण ही गळती त्याच्यामुळे नव्हती असं मला वाटतं.

माझा राग प्लंबरने फोडलं याच्यावर नाही, न शोधता फोडलं याच्यावर आहे. शोधायला एक रुपया लागत नाही. भाडेकरूला सांगा, रात्री झोपताना गिझरच्या इनलेटचा म्हणजे थंड पाणी आत जातं तिथला कॉक बंद करायचा, गरम पाणी वापरायचं नाही, असं दोन-तीन दिवस, आणि काकांना विनंती करा की खाली बादली लावून सकाळी किती साठलं ते बघत जा. फरक पडला तर गिझरपासून मिक्सरपर्यंतची (गरम-थंड पाण्याचा एकत्र नळ) गरम लाइन. नाही पडला तर बाथरूमचा मेन कॉक बंद करून तेच परत करा. त्याने कमी झालं तर थंड लाइन, आणि त्यानेही नाही झालं, ठिबकणं जसंच्या तसं, तर मग डक्टमध्ये डोकवा किंवा खरंच वरच्या मजल्यावर जा. बाथरूमच्या फरशीची टेस्ट शेवटी. नहाणीचं तोंड कापडाने घट्ट बंद करून फरशीवर दोन बोटं पाणी एक दिवस उभं ठेवायचं आणि खाली वाढतं का बघायचं.

मी तरी पैज गरम लाइनवर लावीन. इतक्या वर्षांत बाथरूमचं काम एकदा तरी झालेलंच असतं, आणि गरम पाण्याला सीपीव्हीसी म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिक पाइप लागतो, पण घाईत कोणीतरी मध्येच यूपीव्हीसीचा, म्हणजे थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा तुकडा किंवा फिटिंग घालून देतं, ते गरम पाण्याने नरम पडतं आणि जॉइंट सुटतो. दुसरं म्हणजे मिक्सर जिथे बसतो तिथलं पितळी आट्यांचं एल्बो, म्हणजे वळणाचा जोड. जीआयच्या (जुन्या लोखंडी पाइपच्या) सवयीने भरपूर सूत गुंडाळून पान्याने पिळलं की बाहेरचं प्लास्टिक बारीक तडकतं, त्या दिवशी काही दिसत नाही, नंतर वर्षानुवर्षं भिंत ओली होत राहते.

सापडल्यावर परत भिंत फोडू नका असं माझं मत. भाड्याचा फ्लॅट आहे, जुनी लाइन दोन्हीकडून प्लग करून बंद करा आणि नवीन सीपीव्हीसी भिंतीवरून उघडी क्लॅम्पने फिरवा. दिसायला बरी नाही दिसत, पण उद्या गळली तर डोळ्याला दिसेल, आणि खर्च फोडकामापेक्षा बराच कमी.

आता २२ हजार. त्याला फोनवर भांडू नका, व्हॉट्सॲपवर शांतपणे लिहा की अमुक तारखेला हे काम केलं, इतके पैसे दिले, गळती तशीच आहे, अमुक दिवसापर्यंत येऊन बघा. यूपीआयने दिले असतील तर स्क्रीनशॉट, फोडताना भाडेकरूने काढलेले फोटो, सगळं एकत्र ठेवा आणि दुसऱ्या प्लंबरकडून गळती खरी कुठे होती ते कागदावर लिहून घ्या, हा कागद सगळ्यात महत्त्वाचा. तरी नाहीच आला तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तुम्ही राहता तिथे म्हणजे नाशिकलाच दाखल करता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. पण खरं सांगू? ज्याचं बिल नाही, पत्ता माहीत नाही, फक्त वॉचमनने दिलेला नंबर आहे, त्याला नोटीस पाठवणार कुठे? शिवाय फ्लॅट भाड्याचा म्हणजे हा तुमचा धंदा, तुम्ही ग्राहकच नाही, असा मुद्दा समोरून येऊ शकतो. मी तुमच्या जागी असते तर सगळे परत मागण्याऐवजी बिलातून चार-पाच हजार कमी करायला सांगितलं असतं आणि उरलेलं डोकं गळती थांबवण्यात घातलं असतं. राहिलेले ४ हजार अजून दिले नसतील तर आता देऊ नका.

काकांचं म्हणाल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे) टॉयलेट, सिंक वगैरेची आतली गळती ज्याच्या फ्लॅटमधून, त्याच्या खर्चाने, पण कारण ठरवल्यावर. बाहेरच्या कॉमन पाइपची आणि पावसाची सोसायटीने बघायची. म्हणून सेक्रेटरींना उत्तरात लिहा की कॉक बंद करून चाचणी करतोय, समोर या. तुमची लाइन निघाली तर काकांचं छत करून द्या, कुरकुर न करता, पण स्लॅब पूर्ण सुकल्यावर, नाहीतर नवीन कलर महिन्यात फुगतो. भाडेकरूचं काय ते ॲग्रीमेंट वाचून ठरवा. भिंतीतला पाइप सहसा मालकाकडेच येतो आणि बिचाऱ्याने फोडकामात आठवडाभर शेजारी आंघोळ केली असेल तर थोडं सोडा की!

प्रश्न: मॅडम मी स्वतः प्लंबिंग करतो, पिंपरीला. सगळे आम्हालाच चोर म्हणतात. गिऱ्हाईक म्हणतं फोडू नका पण गॅरंटी द्या, आधी टेस्ट करतो म्हणलं तर त्याचे पैसे द्यायला नको असतात. आम्ही काय करायचं?
– एक प्लंबर

उत्तर: भाऊ, तुमचं बरोबर आहे, आणि वरच्या दादांनी पण हे वाचावं. नुसतं बघायला येण्याचे वेगळे पैसे फोनवरच सांगा, काम मिळालं तर बिलात वळते करा, म्हणजे न बघता फोडायची घाई राहत नाही. गॅरंटी लिहून द्या पण जेवढं केलं तेवढ्याचीच, बदललेल्या लाइनची, अख्ख्या बाथरूमची नाही. पाइप जोडायचं सोल्यूशन वाळल्यावर, प्लास्टर करण्याआधी लाइन प्लग करून पंपाने प्रेशर द्या आणि पंपाच्या मीटरचा काटा खाली येतो का ते मालकाला व्हिडिओ कॉलवर दाखवा, तोच व्हिडिओ उद्या तुमच्या बाजूने बोलेल. आणि हातोडा घ्यायच्या आधी विचारा की माळ्यावर जुन्या टाइल्सचा खोका आहे का. नसेल तर रंग जुळणार नाही हे तेव्हाच व्हॉट्सॲपवर लिहून कळवा, म्हणजे निम्मी भांडणं होणारच नाहीत.