संकर, संकरित आणि झिरपलेली जनुकं

प्रश्न असा आहे : ‘केनियातल्या बबून माकडांवरच्या लेखात “संकरित पिल्ले” असं वाचलं. रानातल्या प्राण्याला संकरित म्हणावं का? आणि जीन फ्लोला मराठीत काय म्हणतात?’

‘संकर’ला माझी हरकत नाही, ‘संकरित’ मात्र खटकतं. संकरित म्हणजे संकर केलेला. म्हणजे करणारा कोणीतरी आलाच. ज्वारी संकरित, गाय संकरित. पण किलिमांजारोच्या पायथ्याशी, अंबोसेलीत, पिवळ्या बबूनच्या कळपात एखादा अनुबिस (बबूनचीच दुसरी जात) नर येऊन राहतो, त्यात कोणाचा हात? त्यांच्या पिल्लांना ‘संकरज’ म्हणावं. (‘हायब्रीड’ आपण सर्रास बोलतो, पण ‘हायब्रीड पिढी’ म्हणताना नाक मुरडलेलंच असतं.)

नाक तसं ‘संकर’लाही मुरडलं गेलंय. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन ‘सङ्करो नरकायैव’, म्हणजे संकर नरकालाच नेतो, असं म्हणतो. धातू मात्र निरागस आहे : सम् + कॄ, म्हणजे पसरून एकत्र मिसळणं. ‘संकीर्ण’ही त्यातलाच. मला जास्त आवडतो तो अलंकारशास्त्रातला भेद. दोन अलंकार तीळ-तांदळासारखे निवडता येण्याजोगे मिसळले तर ती संसृष्टी, दूध-पाण्यासारखे एकजीव झाले तर संकर.

आता गंमत बघा. अंबोसेलीतल्या बबूनवर १९७१पासून अभ्यास चालू आहे. तिथले संकरज दिसायला दूध-पाणीच, रंगरूप दोन्हींच्या मधलं. पण जनुकसंच वाचला की तीळ-तांदूळ : हा तुकडा पिवळ्याचा, तो अनुबिसचा. वरून अगदी पिवळ्या दिसणाऱ्या माकडातही अनुबिसचे तुकडे निघतात, काही तर फार जुन्या मिसळीचे. काव्यशास्त्राच्या हिशेबाने ही संसृष्टीच! तरीही शब्द बदला असं म्हणणार नाही. ‘संकर’ आता रुळलाय.

जीन फ्लोला, म्हणजे एका गटातली जनुकं दुसऱ्या गटात जाण्याला, ‘जनुकप्रवाह’ रूढ आहे, तोच वापरावा. एका ठिकाणी मात्र तो मोठा पडतो. संकरज पिल्लू वयात येऊन पुन्हा पिवळ्यांतच जोडी जमवतं, त्याची पिल्लंही तेच करतात. दर पिढीला परकी जनुकं विरळ होत जातात. त्यातली काही नैसर्गिक निवडीत गळतात, काही टिकतात. या प्रकाराला मी ‘झिरपणं’ म्हणेन : ‘अनुबिसची जनुकं पिवळ्या बबूनमध्ये झिरपली.’

आफ्रिकेबाहेरच्या माणसांत, म्हणजे तुमच्या-माझ्यातही, निअँडरथल या नामशेष मानवजातीचा साधारण एक-दोन टक्के जनुकीय वारसा असाच झिरपलेला आहे. एवढ्याशाला प्रवाह काय म्हणायचं?