तोंडाच्या कर्करोगातून बरं होऊन सात वर्षं झाली, तरी तोंड दोनच बोटं उघडतं आणि सतत कोरडं पडतं. यावर काही उपाय आहे का?

आहे. रेडिएशननंतर जबड्याचे स्नायू वर्षानुवर्षं आखडत राहतात. ३५ मिमीपेक्षा कमी उघडणं म्हणजे ट्रिस्मस. आइस्क्रीमच्या स्वच्छ लाकडी काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये धरा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. ३० सेकंद, पाच वेळा, दिवसातून चार-पाचदा. सवय झाली की एक काडी वाढवा. व्यायाम सोडला की जबडा पुन्हा आखडतो, इथेच बहुतेकांचं चुकतं. आणि तोंड अचानक जास्त बंद होऊ लागलं, तर व्यायामात वेळ न घालवता आधी सर्जनला दाखवा. आजार परतलेला असू शकतो.

लाळ कमी म्हणून दात लवकर किडतात. घोट घोट पाणी प्या, डेंटिस्टकडून जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून घ्या. दात काढायची वेळ आली तर रेडिएशनचे कागद दाखवल्याशिवाय काढू देऊ नका. किरणं लागलेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. जखम भरत नाही, हाड कुजू शकतं. हा धोका आयुष्यभर राहतो.

मानेवर रेडिएशन झालं असेल तर दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. थकवा, उदासी यामागे बऱ्याचदा थायरॉइड निघतो, आणि तो गोळीने आटोक्यात येतो.