वाचकांचे प्रश्न : नकाशावर सरकलेले साल्ला

प्रश्न : माझ्या आजोबांच्या संग्रहात 1938 साली छापलेला युरोपचा नकाशा आहे. त्यात ईशान्य फिनलंडमधील साल्ला हे गाव सीमेच्या बरेच आत दिसते. आजच्या नकाशात मात्र जुन्या जागी रशिया आहे आणि साल्ला पश्चिमेकडे सरकलेले आहे. यांतला कोणता नकाशा चुकला?

उत्तर : दोन्ही नकाशे बरोबर आहेत, मधल्या काळात सीमा सरकली, आणि सीमेबरोबर गावाचे नावही सरकले. साल्ला ही फिनलंडच्या लापलंड प्रांतातील ग्रामीण नगरपालिका. 1936 पर्यंत तिचे नाव कुओलायार्वी होते. फिनिश भाषेत ‘यार्वी’ म्हणजे तलाव आणि ‘कुओला’ म्हणजे लाळ, हे कळल्यावर नाव बदलल्याचे फारसे नवल वाटत नाही. नवे नाव जवळच्या साल्लातुन्तुरी या डोंगरावरून घेतले गेले. ‘तुन्तुरी’ म्हणजे माथ्यावर झाडे नसलेला, झिजून गोलसर झालेला उत्तरेकडचा डोंगर. मुळात हा केमी सामी या उत्तरेकडच्या मूळनिवासी लोकांचा मुलूख. त्यांची बोली शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच नामशेष झाली.

30 नोव्हेंबर 1939 रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला. साल्लामार्गे केमियार्वी आणि पुढे रोवानिएमी गाठून फिनलंडची उत्तर बाजू तोडायची, असा या भागातील सोव्हिएत फौजांचा बेत होता. डिसेंबरच्या मध्यावर फिनिश तुकड्यांनी त्यांना पेल्कोसेनिएमी आणि योउत्सियार्वी येथे रोखले आणि मागे रेटले. त्यानंतर ही आघाडी मॅर्कायार्वी या लहानशा गावाजवळ थिजली, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तेथील मोर्चे स्वीडनहून आलेल्या स्वयंसेवकांनी हाती घेतले. तरीही 13 मार्च 1940 रोजी अमलात आलेल्या मॉस्को तहात नगरपालिकेचा जवळजवळ अर्धा भूभाग सोव्हिएत संघाला द्यावा लागला, आणि त्यात मुख्य गावही गेले. तेथील फिनिश रहिवासी घरेदारे सोडून नव्या सीमेच्या अलीकडे, फिनलंडमध्ये आले. 1941 मध्ये जर्मन आणि फिनिश फौजांनी हा भाग परत घेतला, पण 1944 च्या युद्धविरामाने तो पुन्हा गेला आणि 1947 च्या पॅरिस तहाने ती सीमा कायम झाली. भरीस भर म्हणजे, 1944 च्या शरद ऋतूत मागे हटणाऱ्या जर्मन सैन्याने लापलंडमधील गावे, पूल आणि रस्ते जाळत व उडवत माघार घेतली.

उरलेल्या अर्ध्या भागाला नवे मुख्य गाव हवे होते. ते मॅर्कायार्वी येथे उभे राहिले आणि त्यालाच साल्ला म्हटले जाऊ लागले. (‘मॅर्का’ म्हणजे ओला, त्याचा दुसरा अर्थ पू. लाळेपासून सुटका झालेल्यांच्या वाट्याला हा तलाव यावा, ही थट्टाच म्हणायची.) ज्या डोंगरावरून नाव पडले तो मूळ साल्लातुन्तुरी रशियातच राहिला. आज पर्यटकांना त्या नावाने दाखवले जाणारे स्कीइंगचे ठिकाण प्रत्यक्षात इसो प्युहातुन्तुरी नावाच्या वेगळ्या डोंगरावर आहे. नद्यांना मात्र ही सीमा कधी समजली नाही. तेन्निओ नदी रशियातून येऊन केमी नदीला मिळते, तर साल्लात उगम पावणारी ओउलांका नदी उलट दिशेने सीमा ओलांडून अखेर श्वेत समुद्राकडे जाते.

प्रश्न : या भागात सीमेपलीकडे जाणारा लोहमार्ग होता, असे वाचले. तो अजून चालतो का?

उत्तर : तो लोहमार्ग मॉस्को तहाचीच देणगी आहे. तहाच्या एका कलमानुसार दोन्ही देशांनी आपापल्या हद्दीत रूळ टाकून सोव्हिएत बाजूचे कान्दालाक्षा आणि फिनलंडमधील केमियार्वी जोडायचे होते, आणि तेही शक्य तर 1940 सालातच. नुकत्याच हरलेल्या देशाकडून आपल्या सीमेपर्यंत रूळ टाकून घेण्यामागचा हेतू केवळ व्यापाराचा असेल, यावर विश्वास ठेवणे फिनिश लोकांना जड गेले असणार. आज सीमेजवळचा मधला तुकडा अस्तित्वात नाही आणि फिनलंडच्या प्रवासी गाड्या केमियार्वीलाच थांबतात. रस्त्याने सीमा ओलांडता येत असे, पण नोव्हेंबर 2023 मध्ये फिनलंडने साल्लाचे नाकेही बंद केले.

प्रश्न : साल्लाने उन्हाळी ऑलिम्पिकचे यजमानपद मागितले होते, हे खरे का?

उत्तर : मागितले होते, पण उपरोधाने. आर्क्टिक वृत्तालगतच्या, हिवाळ्यात पारा उणे 50 अंशांपर्यंत उतरू शकणाऱ्या या नगरपालिकेने 2021 च्या जानेवारीत 2032 च्या उन्हाळी स्पर्धांसाठी दावेदारी जाहीर केली. तापमानवाढ अशीच चालू राहिली तर आमच्याकडेही उन्हाळी खेळ भरवता येतील, हा तिचा सूर होता. शुभंकर होता उकाड्याने बेजार झालेला ‘केसा’ नावाचा रेनडिअर. फिनिशमध्ये ‘केसा’ म्हणजे उन्हाळा. यजमानपद अर्थातच ब्रिस्बेनला मिळाले. सुमारे 5,870 चौरस किलोमीटरच्या या मुलखात साडेतीन हजारही माणसे नाहीत, आणि तेथील पर्यटन खाते ‘साल्ला : कुठेच नसल्याच्या मधोमध’ अशी आपली जाहिरात स्वतःच करते.