मांजरीच्या गंभीर आजाराचे निदान होत नसेल तर काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमची मांजर गेले काही आठवडे अधूनमधून तापते आहे, तिने खाणे जवळजवळ सोडले आहे, रक्ततपासणी आणि सोनोग्राफी होऊनही डॉक्टरांना नेमके कारण सापडलेले नाही, आणि तिला मुंबईला न्यावे की नाही या विचाराने तुमची झोप उडाली आहे. मी मालवण तालुक्यात राहतो. आमच्या ठमीच्या आजाराला शेवटपर्यंत नाव मिळाले नाही, म्हणून हा प्रश्न वाचून राहवले नाही.

आजार कोणता हे शोधणे डॉक्टरांचे काम आहे, पण तिच्या पोटात अन्न आणि अंगात पाणी राहील हे पाहणे आपल्या हातात असते आणि त्यासाठी निदानाची वाट पाहावी लागत नाही. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर शरीरातील चरबी यकृतात साचू लागते आणि मूळ आजार बाजूला राहून तेच जिवावर बेतते; अंगाने भरलेल्या मांजरींना हा धोका अधिक असतो. ठमी बशीपाशी यायची, वास घ्यायची, दोनदा ओठ चाटायची आणि मान फिरवून पडवीत जाऊन बसायची. आम्हाला ते तिचे नखरे वाटत होते, परंतु डॉक्टरांनी सांगितले की ही मळमळ आहे, आणि मळमळ थांबवणारे औषध सुरू झाल्यावर ती थोडेथोडे खाऊ लागली. बांगडा आळणी उकडून, काटे नीट काढून, कोमट असतानाच बोटावर धरावा, कारण मांजरीची भूक वासावर चालते. कांदा-लसूण घातलेले काहीही देऊ नये. आणि जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असताना घरातला खारवलेला मासा पुढे करण्याऐवजी उकडलेली कोंबडी बरी. सिरिंजने भरवायचे झाल्यास ते आधी डॉक्टरांकडून शिकून घ्यावे, कारण पातळ अन्न फुप्फुसात गेले तर नवेच संकट उभे राहते. तरीही ती खात नसेल, तर नळीने अन्न देण्याविषयी स्वतःहून विचारावे.

दुसरे म्हणजे एक वही ठेवा. रोज एकाच वेळी वजन, ताप, किती खाल्ले, लघवी झाली का आणि ती गाढ झोपेत असताना मिनिटाला किती श्वास घेते, एवढे लिहा. मांजरीचे तापमान साधारण 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असते आणि झोपेतील श्वास 30 च्या आत असतात. ते सतत त्याहून अधिक भरू लागले, ती तोंड उघडून धापा टाकू लागली किंवा हिरड्या पांढऱ्या वा पिवळ्या दिसल्या, तर सकाळ होईपर्यंत थांबू नये. चार किलोच्या मांजरीचे 200 ग्रॅम वजन घटणे म्हणजे अंगाचा विसावा भाग जाणे, आणि केसांमुळे ते डोळ्यांना दिसतही नाही. तालुक्याच्या दवाखान्यात दिवसभर गुरे आणि शेळ्या तपासणाऱ्या डॉक्टरांनाही अशी वही हाती आली की बरेच काही उलगडते.

निदान होत नाही याचा अर्थ कोणी हयगय करते आहे असा नव्हे. गोचीड-पिसवांच्या प्रदेशात रक्तपेशींवर वाढणारे मायकोप्लाझ्मा हे जंतू आज काचपट्टीवर दिसतात आणि उद्या दिसत नाहीत, त्यामुळे एक तपासणी स्वच्छ आली म्हणून ते नाहीतच असे म्हणता येत नाही. एफआयपी या, मांजरींमधील कोरोनाविषाणूमुळे होणाऱ्या आजाराचेही तसेच आहे. एकाच रक्ततपासणीने तो पक्का ठरत नाही, पूर्वी तो हमखास जीवघेणा मानला जाई, आणि आता जीएस-441524 या औषधाने अनेक मांजरी वाचल्या आहेत. या दोन्ही शक्यतांविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारा. अंदाजाने औषध सुरू करून प्रतिसाद पाहणे हीसुद्धा रीतसर पद्धत आहे. मात्र त्यात डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी असेल तर ती कोरडी देऊ नये, मागोमाग पाणी किंवा खाणे द्यावे, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते.

मुंबईला नेण्याआधी सर्व अहवाल, वहीची पाने आणि तिच्या श्वासाचा व्हिडिओ परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणच्या तज्ज्ञांपर्यंत तुमच्या डॉक्टरांमार्फत पोहोचतो का ते पाहा. पुष्कळदा तिच्याऐवजी रक्ताचा नमुना प्रवास करू शकतो. प्रत्यक्ष नेल्याने उपचारात काय बदलेल, याचे ठोस उत्तर मिळाले तरच तिला एवढा प्रवास घडवावा असे माझे मत आहे. अशक्त मांजरीला घाटातले किंवा महामार्गावरचे काही तास फार जड जातात.

तुमच्याविषयीही लिहितो. "मांजरच तर आहे" असे म्हणणारे शेजारी भेटतीलच; त्यांना समजावण्यात शक्ती घालवू नका, ती तुम्हाला रात्री उठण्यासाठी लागणार आहे. भरवण्याचे काम घरात वाटून घ्या. खर्चाची मर्यादा आताच ठरवा आणि ती डॉक्टरांना संकोच न करता सांगा, म्हणजे कोणती तपासणी आधी करायची हे ते ठरवू शकतील. ती स्वतःहून अंग चाटते का, तुमच्या हाकेला कान वळवते का, आवडत्या जागी जाऊन बसते का, हेही वहीत लिहीत जा. आम्ही ठमीला शांतपणे जाऊ देण्याचा निर्णय या नोंदींवरूनच घेतला, आणि तशी वेळ आल्यास डॉक्टर घरी येतील का, रात्री कोणाला फोन करायचा, हे आम्ही ती खातपीत असतानाच विचारून ठेवले होते. तुम्हीही ते या आठवड्यातच विचारून घ्या.